पायाला पल्स लागते म्हणून पाय ठीक आहे असं नाही

नडगीचं हाड मोडलं, प्लॅस्टर झालं, इंजेक्शन दिलं, पेशंट जरा शांत पण झाला, आणि चार-पाच तासांनी तो परत कळवळायला लागतो. हाड मोडलंय म्हटल्यावर दुखणारच की, असं आजूबाजूचे सगळे म्हणतात, पायाची बोटं बघितली तर गुलाबी आहेत, गरम आहेत, पल्स पण लागतेय, मग अजून एक पेनकिलर देतात आणि सकाळपर्यंत बघू म्हणतात. त्या सकाळपर्यंतच्या वेळात पाय कायमचा अधू होऊ शकतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. पल्स चालू असताना आतला स्नायू मरतो कसा, हे मला नीट सांगायचंय, कारण आतली रचना एकदा डोळ्यासमोर आली की लक्षणं, तपासणी, ऑपरेशन यातलं काहीच वेगळं पाठ करावं लागत नाही.

तर आधी रचना. मी शिकताना हा भाग टेबल करून पाठ करायचो आणि परीक्षा झाली की सगळं विसरायचो, मग एकदा कागदावर पाय आडवा कापल्यासारखा गोल काढून स्वतः रेघा मारल्या तेव्हा ते डोक्यात बसलं, म्हणून तुम्हीही कागद घ्या. झाडाचा बुंधा करवतीने आडवा कापला की जसा गोल दिसतो तसा गुडघा आणि घोट्याच्या मधला पाय कापलाय असं समजा. आत दोन हाडं दिसतील, पुढे आतल्या बाजूला जाड टिबिया, म्हणजे आपली नडगी, जी हाताला थेट कातडीखाली लागते, आणि बाहेरच्या बाजूला बारीक फिब्युला. या दोन हाडांच्या मधे एक चिवट पडदा ताणून बसवलेला असतो. आता कातडी आणि चरबीच्या आत, सगळ्या पायाभोवती, घट्ट मोज्यासारखं एक पांढरट आवरण आहे, त्याला फॅशिया म्हणतात, फरक एवढाच की मोजा ताणला जातो, हे जवळजवळ ताणलं जात नाही. या आवरणापासून फिब्युलापर्यंत आत दोन भिंती जातात, आणि मागे पोटरीच्या स्नायूंचे वरचे आणि खोलवरचे असे दोन थर वेगळे करणारी अजून एक भिंत असते. झाल्या चार खोल्या. या खोल्या म्हणजेच कंपार्टमेंट.

पुढची खोली नडगीच्या लगेच बाहेर. पाऊल आणि बोटं वर उचलणारे स्नायू इथे राहतात, त्यात टिबिआलिस अँटेरिअर हा मुख्य, पाऊल वर उचला आणि नडगीच्या बाजूला हात लावा, टणक फुगलेला लागतो तोच. हिच्यातून डीप पेरोनिअल नावाची नर्व्ह जाते आणि तिची कातडीवरची हद्द अगदी छोटी आहे, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यातली तेवढीच जागा. ही छोटी जागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बाहेरच्या खोलीत पेरोनिअस लाँगस आणि ब्रेव्हिस हे दोन स्नायू, ते पाऊल बाहेरच्या बाजूला वळवतात, आणि इथली नर्व्ह पावलाच्या वरच्या बऱ्याचशा कातडीला संवेदना देते. मागे वरच्या थरातली खोली म्हणजे आपली दिसणारी पोटरी, गॅस्ट्रोक्नेमिअस आणि सोलिअस, खाली जाऊन दोघांची मिळून टाचेमागची ती जाड दोरी होते, चवड्यावर उभं राहायचं काम यांचं. आणि चौथी, मागची खोल खोली, ही हाडांना आणि त्या मधल्या पडद्याला चिकटून बसलेली, बाहेरून हाताला लागतच नाही, तिच्यात बोटं खाली वाकवणारे स्नायू आणि टिबिआलिस पोस्टेरिअर असतात, शिवाय तळपायाला जाणारी मोठी धमनी आणि नर्व्ह तिथूनच जातात. चारात सगळ्यात फसवी खोली हीच, कारण वरून पोटरी मऊ लागली तरी आत ही खोली फुगलेली असू शकते आणि ऑपरेशनमधे पण उघडायची राहून गेली तर बहुतेक वेळा हीच राहते.

मांडीत अशा तीन खोल्या आहेत, पुढे, आतल्या बाजूला आणि मागे, पण मांडी प्रशस्त आहे, तिथे त्रास व्हायला खूप रक्त साठावं लागतं म्हणून तिथे हा प्रकार कमी दिसतो. पावलात साधारणपणे नऊ कंपार्टमेंट धरतात, नितंबातही तीन आहेत. पण सगळ्यात जास्त भानगडी गुडघ्याखालच्या त्या चार खोल्यांत होतात आणि त्यातही पुढच्या खोलीत.

आता तुम्ही म्हणाल की निसर्गाने असं न ताणणारं आवरण दिलंच कशाला. त्याचा रोजचा उपयोग खूप मोठा आहे. आपण उभे असतो तेव्हा पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवायचं असतं, आणि हे काम पोटरीचे स्नायू करतात, ते आकसले की जाडे होतात, बाहेरचं आवरण हलत नाही, मग मधे सापडलेल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. आवरण सैल असतं तर स्नायू नुसता बाहेर फुगला असता आणि पंप चाललाच नसता. म्हणजे ज्या घट्टपणामुळे आपण दिवसभर उभे राहू शकतो तोच घट्टपणा आत सूज आली की अडचण होऊन बसतो.

सूज आल्यावर आत काय होतं ते नीट बघू, कारण सगळा विषय इथेच आहे. सायकलच्या टायरमधली ट्यूब आठवा, टायर आहे तोवर ट्यूब एका मर्यादेपुढे फुगू शकत नाही, हवा भरत राहिलात तर आकार तेवढाच राहतो आणि प्रेशर वाढत जातं. तसंच हाड मोडलं, रक्त खोलीत साठलं, चेपलेला स्नायू सुजला, की खोलीचा आकार तोच आणि प्रेशर वर. निरोगी माणसाच्या आराम करणाऱ्या स्नायूत हे प्रेशर साधारण १० मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतं, लहान मुलांत थोडं जास्त. स्नायूला प्रत्यक्ष ऑक्सिजन पोचवणाऱ्या ज्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यांच्यात रक्ताचं प्रेशर जेमतेम २० ते ३० मिलिमीटर असतं, आणि शिरांमधे त्याहून कमी. मोठ्या धमनीत मात्र तेच आपलं नेहमीचं १२० बाय ८०.

खोलीतलं प्रेशर १० वरून २०, २० वरून ३० असं चढायला लागलं की पहिल्यांदा दबतात त्या शिरा, कारण त्या मऊ. म्हणजे रक्ताची बाहेर जायची वाट अरुंद झाली, पण आत आणणारी धमनी तर जोरात चालूच आहे, त्यामुळे रक्त बारीक वाहिन्यांत तुंबतं, त्यातलं पाणी गळून स्नायूत उतरतं, सूज वाढते, प्रेशर अजून वाढतं, शिरा अजून दबतात. हे चक्र एकदा फिरायला लागलं की आपोआप थांबायची वाट बघण्यात अर्थ नसतो. काही वेळाने बारीक वाहिन्यांतून रक्त फिरणंच बंद होतं आणि स्नायू गुदमरतो. आणि या सगळ्या वेळात मोठी धमनी त्या खोलीतून आरामात पुढे जातेय, कारण तिला दाबून बंद करायचं तर प्रेशर थेट वरच्या रक्तदाबाच्या आसपास जायला लागेल. म्हणून पावलावर पल्स लागते, बोटं गुलाबी दिसतात, नखं दाबून सोडली तर रंग परत येतो, पल्स ऑक्सिमीटर बोटाला लावला तर आकडा पण छान येतो, आणि तिथून अर्धा हात वर पायातला स्नायू मरत असतो. मोठ्या रस्त्यावर गाड्या पळतायत म्हणून गल्लीतली वाहतूक पण सुरळीत असेल असं आपण धरून चालतो, तसला हा प्रकार.

किती वेळ हातात असतो? स्नायू साधारण ४ तासांपर्यंतचा रक्तपुरवठ्याचा खंड सोसतो, ६ तासांला काही सांगता येत नाही आणि ८ तासांनंतर झालेलं नुकसान बहुतेक कायमचं. नर्व्ह त्याआधीच कुरकुर करायला लागते, अर्ध्या-एक तासात मुंग्या आणि बधिरपणा सुरू होऊ शकतो. मेलेला स्नायू नंतर परत वाढत नाही, त्या जागी दोरखंडासारखा आखडलेला व्रण तयार होतो आणि पाऊल, बोटं त्याने वाकडी ओढली जातात. रिचर्ड फॉन फोल्कमन या जर्मन सर्जनने १८८१ मधे घट्ट बँडेज बांधल्यावर हात असा आखडतो ते लिहून ठेवलं होतं, हातातल्या त्या आखडण्याला अजून त्याच्याच नावाने ओळखतात.

कशाकशाने होतं हे? नडगीचं फ्रॅक्चर हे सगळ्यात मोठं कारण, साधारण एक तृतीयांश केसेस त्याच्याच. तरुण पुरुषांत जास्त दिसतं, बहुधा स्नायू भरदार आणि आवरणात आधीच जागा कमी म्हणून. पण हाड मोडायलाच हवं असं नाही, नुसता जबरदस्त मार, पायावर जड वस्तू पडून चेपणं, भाजणं, काही सापांचं विष, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना आत झालेला रक्तस्राव, सलाइन शिरेबाहेर जाणं, यातल्या कशानेही होतं. बंद पडलेली धमनी ऑपरेशन करून उघडली आणि कित्येक तास उपाशी राहिलेल्या स्नायूत एकदम रक्त आलं, की तो भसकन सुजतो आणि तेव्हाही होतं. नशेत किंवा बेशुद्धीत स्वतःच्याच पायावर तासनतास पडून राहिलेल्या माणसाला होतं. आणि बाहेरून आवळणारं प्लॅस्टर किंवा पट्टी तर आहेच. एक गैरसमज इथेच काढून टाकतो, हाड कातडी फाडून बाहेर आलंय म्हणजे खोली उघडलीच, आता प्रेशर कसं वाढेल, असं वाटतं, पण ती फट बहुतेक वेळा छोटी असते आणि चारपैकी एखाद्याच खोलीची असते, बाकीच्या तीन बंदच असतात.

ओळखायचं कसं, तर दुखण्यावरून. पुस्तकात फिकटपणा, पल्स न लागणं, लकवा अशी यादी असते, पण ती लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, काही तर येतच नाहीत, आणि त्या यादीमुळे लोक पल्स जाईपर्यंत थांबतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. लवकरचं लक्षण म्हणजे जखमेच्या मानाने खूपच जास्त दुखणं, जे हाड बसवून पाय स्थिर केल्यावर पण कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, आतून फुटेल असं ठणकणारं, ज्याला नेहमीचं औषध पुरत नाही. दुसरं, त्या खोलीतला स्नायू दुसऱ्या कुणी हळूच ताणला की माणूस ओरडतो. आता तुमचा कागद बघा, पुढच्या खोलीतले स्नायू बोटं वर उचलतात, म्हणजे ते ताणायचे तर बोटं खाली वाकवायची, तेवढ्याने नडगीच्या पुढच्या बाजूला कळ गेली तर पुढच्या खोलीवर संशय. मागच्या खोल खोलीचं उलटं, बोटं वर ओढली की पोटरीत खोलवर कळ. आणि अंगठ्याच्या बेचक्यातली ती छोटी जागा बधिर लागली, तिथे बोट फिरवलेलं कळेना, म्हणजे पुढच्या खोलीतली नर्व्ह तक्रार करतेय. पोटरी किंवा नडगीची बाजू लाकडासारखी टणक आणि कातडी तकतकीत लागणं हे पण चिन्ह आहे, पण हात लावून बांधलेला अंदाज बऱ्याचदा चुकतो, आणि खोल खोली तर हाताला कळतच नाही.

जो माणूस सांगूच शकत नाही त्याचं काय, हा खरा कठीण भाग आहे. बेशुद्ध, व्हेंटिलेटरवरचा, पाठीत किंवा मांडीत भुलीचं इंजेक्शन देऊन पाय बधिर केलेला, आधीपासून मणक्याच्या आजाराने पायाला जाणीव नसलेला, यांच्यात दुखणं हा इशारा मिळतच नाही. लहान मुलं दुखतंय असं नीट सांगत नाहीत, ती किरकिर करतात, घाबरतात, अस्वस्थ होतात, आणि पेनकिलर मागायचं प्रमाण तासातासाला वाढत जातं, हे वाढत जाणं हेच मुलांमधलं सगळ्यात उपयोगाचं लक्षण. अजून एक, आधी खूप दुखत होतं आणि आता अचानक दुखायचं थांबलं पण पाय बधिर झाला आणि बोटं हलत नाहीत, तर ते बरं वाटणं नाहीये, नर्व्ह गप्प झालीये.

शंका असेल आणि तपासून कळत नसेल तर खोलीत सुई घालून प्रेशर मोजता येतं. नुसता आकडा बघण्यापेक्षा पेशंटच्या खालच्या रक्तदाबातून तो वजा करतात. समजा खालचं बीपी ७० आणि खोलीत ४५, फरक राहिला २५. हा फरक ३० किंवा त्याच्या खाली गेला तर धोका, असा साधारण नियम आहे, १९९६ मधे मॅक्वीन आणि कोर्ट-ब्राउन यांनी नडगीच्या फ्रॅक्चरच्या पेशंटवर केलेल्या अभ्यासानंतर तो रूढ झाला. वजाबाकी का, तर खोलीत ४५ असताना ९० खालचं बीपी असलेल्याला रक्त ढकलायला जोर आहे, अपघातात रक्त जाऊन ज्याचं बीपी ५० वर आलंय त्याला नाही. पण चित्र स्पष्ट असेल तर मोजमापासाठी वेळ घालवत नाहीत, सरळ ऑपरेशनला घेतात.

तोपर्यंत करायचं ते थोडंसंच आहे पण महत्त्वाचं. प्लॅस्टर असेल तर ते लगेच पूर्ण लांबीने कापायचं, आणि आतला कापूस, पट्टी सगळं कातडी दिसेपर्यंत, कारण रक्ताने भिजून वाळलेली पट्टी पण प्लॅस्टरइतकीच आवळते. हे काम हॉस्पिटलमधे करायचं, घरी पाय घेऊन बसायचं नाही, रात्रीचे २ वाजले असतील तरी निघायचं. आणि पाय उशांवर उंच ठेवायचा नाही. हे खूप जणांना पटत नाही कारण सूज म्हटलं की पाय वर हे डोक्यात पक्कं बसलंय, पण हिशोब करून बघा, पाय हृदयापेक्षा ३० सेंटीमीटर वर उचलला की पायात पोचणाऱ्या रक्ताचं प्रेशर साधारण २३ मिलिमीटरने कमी होतं, म्हणजे जी वजाबाकी आपण आत्ता केली तिच्यातले २३ आपणच घालवले. पाय हृदयाच्या पातळीत, सरळ अंथरुणावर. बर्फही लावायचा नाही, त्याने वाहिन्या अजून आकसतात. दुखतंय म्हणून चोळायचं, शेकायचं तर अजिबात नाही.

खरा इलाज एकच, फॅशिओटॉमी, म्हणजे ते आवरण चिरून खोल्या उघड्या करणं. गुडघ्याखाली साधारणपणे दोन लांब चिरा घेतात, बाहेरच्या चिरेतून पुढची आणि बाहेरची खोली, आतल्या चिरेतून मागच्या दोन्ही. चिरा छोट्या ठेवून भागत नाही, १५ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब लागतात, कारण अर्धवट उघडलेली खोली अर्धवटच सैल होते आणि नंतर कातडी स्वतःच आवळायला लागते. आवरण चिरलं की स्नायू फसकन वर येतो. मग सर्जन त्याचा रंग बघतात, चिमटा लावल्यावर तो आकसतो का, कापल्यावर रक्त येतं का हे बघतात, आणि मेलेला भाग काढून टाकतात. जखम त्या दिवशी शिवत नाहीत. नातेवाइकांना पहिल्यांदा ड्रेसिंग बघताना धक्का बसतो, पाय एवढा उघडा का ठेवलाय, काही चुकलंय का, पण ते मुद्दाम असतं, सूज उतरायला जागा हवी असते. ४८ ते ७२ तासांनी परत नेऊन बघतात, मग सूज उतरेल तसं टाके किंवा मांडीची कातडी काढून लावतात. व्रण मोठे राहतात, काहींना त्या भागात बधिरपणा, खाज, थोडी कमजोरी राहते, पण पाऊल उचलता येतं.

खूप उशीर झाला असेल, एक-दोन दिवस गेले असतील, तर मात्र डॉक्टर उघडायचं की नाही याचा फार विचार करतात, कारण मेलेला स्नायू उघडा पडला की त्यात इन्फेक्शन होतं आणि त्यातून पाय कापायची वेळ येऊ शकते. शिवाय मरणाऱ्या स्नायूतून मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन आणि पोटॅशियम रक्तात सुटतं. मायोग्लोबिनमुळे लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते आणि किडनी बंद पडू शकते, पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बहल्ले झाले तेव्हा ढिगाऱ्याखालून वाचवून काढलेली माणसं आधी बरी वाटायची आणि काही दिवसांनी किडनी बंद होऊन जायची, बायवॉटर्स आणि बील या दोघांनी १९४१ मधे त्याचं वर्णन केलं. म्हणून अशा पेशंटला भरपूर सलाइन देतात आणि लघवीवर डोळा ठेवतात.

याचाच एक सौम्य भाऊ आहे जो पळणाऱ्यांना आणि सैनिकांना छळतो. व्यायामात स्नायूचं आकारमान २० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, काहींना तेवढी जागा आवरण देत नाही, मग पळायला सुरुवात केली की ठराविक अंतरानंतर, जवळजवळ दर वेळी तिथेच, नडगीच्या बाजूला आवळल्यासारखं दुखायला लागतं, पाऊल फटफट आपटतं, कधी मुंग्या येतात, आणि थांबलं की थोड्या वेळात सगळं ठीक. बऱ्याचदा दोन्ही पायांत होतं. दक्षिण ध्रुवावर गेलेल्या स्कॉटच्या तुकडीतला डॉक्टर एडवर्ड विल्सन याने १९१२ मधे स्वतःच्या नडगीजवळचा असाच सुजलेला, ताठ स्नायू डायरीत नोंदवलाय. यात रात्री धावपळ करायची गरज नसते. निदानासाठी पळण्याआधी, थांबल्यावर १ मिनिटाने आणि ५ मिनिटांनी प्रेशर मोजतात, आधी १५, १ मिनिटाला ३० किंवा ५ मिनिटाला २० यापैकी एक जरी गाठलं तरी निदान पक्कं धरायची पद्धत आहे. पळायची पद्धत बदलून, टाचेऐवजी पावलाच्या पुढच्या भागावर उतरायला शिकून काहींना खूप फरक पडतो, नाहीतर ठरवून छोटं ऑपरेशन करून ती खोली सैल करतात. फक्त एक, नेहमीसारखं थांबल्यावर जे दुखणं जायला हवं ते एखाद्या दिवशी थांबूनही गेलंच नाही, उलट वाढत गेलं, तर त्या दिवशी ते नेहमीचं धरायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं आणि तिथे कंपार्टमेंट हा शब्द स्वतःहून उच्चारायचा.